वाळूचा दांडा सरकतो कसा आणि त्याची नोंद ठेवावी कशी

दरवर्षी श्रावणात जुहूच्या किंवा अक्साच्या किनाऱ्यावर उभे राहिले की एक वाक्य हमखास कानावर पडते: "समुद्राने किनारा खाल्ला." बोलणाऱ्याने पाहिलेले खोटे नसते. मे महिन्यात जिथे मुले क्रिकेट खेळत होती तिथे लाटा आपटत असतात, पायऱ्यांच्या बुडाचे काँक्रीट उघडे पडलेले असते आणि घट्ट, ओल्या उतारावर काळ्या रेघा उमटलेल्या असतात. तोच माणूस फाल्गुनात पुन्हा आला तर रुंद, मऊ, कोरड्या पुळणीवरून चालत पाण्यापर्यंत जातो आणि श्रावणातले आपले वाक्य विसरून जातो. वाळू कायमची गेली की नुसती जागा बदलून पाण्याखालच्या लांबट उंचवट्यात, म्हणजे दांड्यात, जाऊन बसली, हा मुंबईच्या किनाऱ्याबद्दलचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि तो नुसत्या पाहण्याने सुटत नाही. ठरलेल्या खुणेपासून, ठरलेल्या तिथीला, निदान दोन वर्षे मोजले तरच त्याचे उत्तर मिळते. ती मोजणी कशी करावी हे पुढे सविस्तर सांगितले आहे. त्यासाठी दोन काठ्या, एक दोरी, एक वही आणि सोबतीला एक माणूस एवढे पुरते.

आधी वाळू हातात घ्यावी

किनाऱ्याच्या तीन जागांवरून, म्हणजे भिंतीजवळून, मधून आणि पाण्याच्या कडेवरून, मूठ-मूठ वाळू घेऊन ती पांढऱ्या कागदावर सुकू द्यावी. साध्या लोहचुंबकावर प्लास्टिकची पातळ पिशवी गुंडाळून तो तिच्यावरून फिरवला की काळे कण उडी मारून चिकटतात. हे मुख्यतः मॅग्नेटाइटचे कण, म्हणजे सह्याद्री आणि साष्टी (आजच्या मुंबई उपनगरांचे बेट) ज्या काळ्या बेसाल्ट खडकाचे बनले आहेत त्याची झीज. हे कण नेहमीच्या वाळूच्या कणांच्या जवळजवळ दुप्पट जड असतात. लाट वाळू ओढून नेते तेव्हा हलके कण आधी निघून जातात आणि जड कण मागे राहतात; म्हणून पावसाळ्यातली काळी रेघ म्हणजे तिथून हलकी वाळू नुकतीच निघून गेल्याची पावती असते. मार्चमध्ये त्याच जागी वीतभर खणले तर ती रेघ नव्या वाळूखाली सापडते.

उरलेल्या वाळूवर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर टाकले की बारीक बुडबुडे येतात. ते शिंपल्यांच्या चुऱ्याचे. आपल्या किनाऱ्यावरची बरीचशी वाळू अशी समुद्रानेच घडवलेली आहे. बाकीची नद्यांनी आणलेली, आणि त्या बाबतीत आवक आटली आहे हे मनात ठेवलेले बरे: उल्हास आणि वैतरणेच्या खोऱ्यांत तानसा (१८९२), मोडकसागर, भातसा अशी मुंबईला पाणी पुरवणारी धरणे उभी आहेत, धरणात पाण्याबरोबर वाळूही अडते, आणि खाडीत जी पोहोचते तिच्यातली पुष्कळशी सक्शन पंपाने उपसली जाते.

दांडा तयार होतो कसा

लाट किनाऱ्याकडे येताना तिच्याखालचे पाणी उथळ होत जाते, लाट उंच आणि चढी होते, आणि तिची उंची पाण्याच्या खोलीच्या साधारण पाऊणपट झाली की ती फुटते. एक मीटर उंचीची लाट सुमारे सव्वा मीटर पाण्यात फुटेल, तीन मीटरची चार मीटर पाण्यात. जिथे लाट फुटते तिथे तळाची वाळू ढवळून वर उचलली जाते. फुटून किनाऱ्यावर चढलेले पाणी परत जाताना तळालगत समुद्राकडे वाहते आणि आपल्याबरोबर वाळू नेते. बाहेरून येणारी लाट काही वाळू आत ढकलत असते. या दोन्हींची गाठ जिथे पडते त्या पट्ट्यात वाळू बसते. एकदा थोडी बसली की तिथे पाणी आणखी उथळ होते, म्हणून लाटा नेमक्या तिथेच फुटू लागतात आणि आणखी वाळू तिथेच साठते. वाळूचा दांडा असा आपली जागा स्वतः पक्की करत जातो. त्याच्या किनाऱ्याकडच्या बाजूला एक खोलगट चर राहतो, आणि ओहोटीला गुडघाभर पाण्यातून चालताना आधी खोल, मग अचानक घोट्याएवढे उथळ लागते, ते याच चरामुळे आणि दांड्यामुळे.

आता ऋतूंचे चक्र पाहू. जून ते सप्टेंबर पश्चिम आणि नैऋत्येकडून उंच लाटा एकामागून एक येतात. पुळणीची वाळू पाण्याने तुडुंब भरलेली असते, तिच्यात पाणी मुरायला जागाच नसते, म्हणून चढलेले सगळे पाणी पृष्ठभागावरूनच जोराने परत जाते आणि वाळू ओढून नेते. लाटा मोठ्या, त्यामुळे त्या खोल पाण्यात फुटतात आणि दांडाही किनाऱ्यापासून दूर तयार होतो. हा दांडा किनाऱ्याचे रक्षणच करतो, कारण पुढच्या लाटा त्याच्यावर आपली ताकद खर्च करून आत येतात. पुळणीने स्वतःची वाळू पुढे टाकून उभारलेला तो तात्पुरता बांध असतो.

ऑक्टोबरपासून समुद्र उतरतो. दक्षिण हिंदी महासागरातून लांबचा प्रवास करून आलेल्या, दोन माथ्यांत बरेच अंतर असलेल्या सपाट लाटा हळूहळू दांड्याची वाळू किनाऱ्याकडे सरकवू लागतात. अशी लाट पुळणीवर चढते तेव्हा वरची वाळू कोरडी, सैल असते. बरेचसे पाणी तिच्यात मुरते, परतणारा पातळ पापुद्रा अशक्त पडतो आणि चढताना आणलेली वाळू वरच टाकून जातो. रोज थोडी-थोडी अशी भर पडत मे महिन्यापर्यंत किनाऱ्यावर एक सपाट ओटा तयार होतो. ओहोटीला त्याच्या कडेशी बसून एखादी लाट बारकाईने पाहावी: ती परतल्यावर तिच्या शेवटच्या टोकाला शिंपल्यांच्या चुऱ्याची आणि फेसाची केसाएवढी बारीक वळणदार रेघ उरते. ओटा अशाच रेघांवर रेघा साठून वाढतो.

याशिवाय वाळू किनाऱ्याच्या कडेकडेनेही चालते. लाट किनाऱ्यावर तिरपी आली की वाळू तिरपी वर चढते, पण खाली उतरते ती सरळ, आणि प्रत्येक फेऱ्यात थोडी बाजूला सरकते. आपल्याकडे ही चाल वर्षभर एकाच दिशेने नसते. पावसाळ्यात लाटा पश्चिम-नैऋत्येच्या, तर जानेवारी ते मे दुपारचा वारा वायव्येचा आणि हिवाळ्यात अरबस्तानाकडच्या वाऱ्यांनी उठवलेल्या लाटाही वायव्येकडूनच येतात. त्यामुळे वाळू काही महिने एका टोकाकडे, काही महिने दुसऱ्या टोकाकडे झुकते. मलबार हिल, वरळी, वांद्र्याचे टोक, मढ ही खडकाळ टोके मधे आल्यामुळे मुंबईचा प्रत्येक किनारा जवळजवळ स्वतंत्र परातीसारखा आहे. परात कलली की वाळू एका कडेला जमते, तिथले लोक आनंदतात आणि दुसऱ्या कडेचे चिंतेत पडतात.

खाडीच्या मुखाशी चित्र वेगळे. मालाड, मनोरी, वसई या खाड्यांतून ओहोटीचे पाणी झोताने बाहेर पडते, मोकळ्या समुद्रात पसरून मंदावते आणि आणलेली वाळू तिथेच पंख्याच्या आकारात टाकते. भरतीचे पाणी आत शिरून तसाच एक पंखा खाडीच्या आतल्या बाजूला टाकते. लाटा बाहेरच्या पंख्याला दोन्ही बाजूंनी चोपत राहतात, म्हणून त्याच्यातली होड्यांची वाट दरवर्षी थोडी इकडे-तिकडे सरकते. तांडेल, म्हणजे होडीचे नाखवे, पावसाळ्यानंतरची पहिली फेरी ओहोटीला न करता भरतीला आणि हातात बांबू घेऊन करतात, ते उगीच नाही. गेल्या वर्षीची वाट यंदाही तिथेच असेल यावर ते विसंबत नाहीत.

असा दांडा पुरेसा उंच झाला आणि त्याच्यावर वाळू धरून ठेवणारी मर्यादवेल रुजली की त्याची जमीन होते. जुहू हे पोर्तुगीज काळात साष्टीच्या पश्चिमेला असलेले, समुद्रापेक्षा जेमतेम मीटर-दोन मीटर उंच असे वाळूचे लांबट बेट होते आणि ओहोटीला मधली खाडी चालत ओलांडता येई. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून विमानाने टपाल घेऊन जुहूला उतरले. पुढे पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जाई म्हणून ही सेवा पुण्याहून चालवावी लागे. ज्या जमिनीवर आज बंगले आणि हॉटेले उभी आहेत ती अशी आहे, हे मोजणी करणाऱ्याने विसरू नये.

दिवस ठरवणे: तिथी आणि पाऊणपट

सगळ्या पद्धतीचा कणा हाच आहे, आणि सर्वांत जास्त चुकाही इथेच होतात. माझी स्वतःची पहिली दीड वर्षाची नोंद याच कारणाने वाया गेली. मी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मोजत असे. एका रविवारी उधाण (पौर्णिमा-अमावास्येच्या सुमाराची मोठी भरती-ओहोटी), दुसऱ्या रविवारी भांग (अष्टमीच्या सुमाराची लहान), त्यामुळे पाण्याची कडा कधी पुष्कळ पुढे तर कधी मागे, आणि मी त्या फरकाला वाळूचा फरक समजून बसलो होतो.

मुंबईत उधाणाला भरती-ओहोटीच्या पातळीतला फरक सरासरी साडेतीन मीटरपेक्षा जास्त असतो, भांगाला सुमारे दीड मीटरच. पुळणीचा उतार ५० मीटरला एक मीटर असेल, तर पाण्याची पातळी एक मीटरने बदलली की पाण्याची कडा ५० मीटर सरकते. वाळूचा एक कणही हलला नसताना किनारा ५० मीटर "वाढलेला" किंवा "गेलेला" दिसू शकतो.

कोकणातला जुना हिशेब इथे उपयोगी पडतो: तिथीची पाऊणपट करावी, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ; आणि पूर्ण ओहोटी त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, म्हणून नेमक्या वेळेसाठी भरती-ओहोटीचे छापील वा ऑनलाइन वेळापत्रक पाहावेच. पण महिनाभराचा बेत आखायला हा हिशेब पुरेसा आहे. उधाणाचा खरा जोर पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी येतो. म्हणून मी द्वितीया निवडतो: भरती दीडच्या सुमारास, ओहोटी सकाळी पावणेआठच्या आसपास, ऊनही सुसह्य. ज्याला संध्याकाळ सोयीची असेल त्याने त्याच दिवशीची रात्री आठची ओहोटी घेऊ नये. अंधारात हे काम करायचे नसते. त्याने प्रतिपदेची संध्याकाळ घ्यावी आणि मग वर्षभर तीच पाळावी. पंचांगातला महिना ऋतूच्या मागे-पुढे होत असल्याने इंग्रजी महिन्यागणिक एक द्वितीया धरावी, म्हणजे अधिक मासाने गोंधळ होत नाही.

खूण आणि काठ्या

मोजणी जिथून सुरू होणार ती खूण हलता कामा नये. भिंतीची पायरी, जुन्या देवळाचा कट्टा, कातळाचा ठळक कोपरा अशी जागा निवडावी, तिचे चारही बाजूंनी फोटो काढावेत आणि तिथून जवळच दुसरी पर्यायी खूण ठरवून दोन्हींच्या उंचीतला फरक मोजून ठेवावा. हा दुसऱ्या खुणेचा आग्रह अनुभवातून आला आहे: सुशोभीकरणाच्या एका कामात माझी पायरी नव्या फरशीखाली गेली, आणि शेजारच्या कट्ट्याची उंची लिहून ठेवलेली होती म्हणूनच मागची नोंद जिवंत राहिली.

पुढची पद्धत के. ओ. एमरी या सागरी भूशास्त्रज्ञाने १९६१ साली प्रसिद्ध केली, आणि तिच्याहून सोपी व स्वस्त पद्धत मला माहीत नाही. दीड-दीड मीटरच्या दोन सरळ काठ्या किंवा पीव्हीसी पाइप घ्यावेत. वरच्या टोकापासून खाली दर सेंटिमीटरला खूण आणि दर दहाला आकडा लिहावा. काठी वाळूत रुतू नये म्हणून बुडाला डब्याचे सपाट झाकण पक्के बसवावे. दोन काठ्यांमध्ये बरोबर दोन मीटरची, न ताणणारी दोरी बांधावी.

मागची काठी खुणेपाशी आणि पुढची समुद्राकडे दोन मीटरवर, दोन्ही ओळंब्यात उभ्या धराव्यात. मागच्या काठीशी उभे राहून पुढच्या काठीचे वरचे टोक क्षितिजाच्या रेषेत आणावे. ही नजरेची रेषा मागच्या काठीला वरून जितक्या सेंटिमीटरवर छेदते, तितका त्या दोन मीटरांत उतार आहे. जिथे वाळू पुढे चढत असेल, म्हणजे चरातून दांड्यावर जाताना, तिथे उलट करावे: मागच्या काठीचे टोक क्षितिजाशी जुळवावे आणि वाचन पुढच्या काठीवर घ्यावे, तो चढ. मग मागची काठी पुढच्या काठीच्या जागी आणून पुढे सरकावे. समजा, पहिल्या तीन टप्प्यांत १२, ९ आणि ७ सेंटिमीटर उतार आला आणि चौथ्यात ५ सेंटिमीटर चढ, तर खुणेपासून आठ मीटरवर वाळू २८ वजा ५, म्हणजे २३ सेंटिमीटर खाली आहे. अशी बेरीज करत पाण्यापर्यंत जावे.

हिवाळ्यात सकाळी मुंबईचे क्षितिज धुरक्यात हरवते. अशा वेळी गवंडी वापरतात ती पाण्याने भरलेली पारदर्शक नळी घ्यावी. दोन्ही काठ्यांना नळीची टोके लावली की दोन्हीकडे पाण्याची पातळी एकच असते आणि काठीवरच्या वाचनांतला फरक हाच उतार. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर सगळे चुकते, म्हणून ती भरताना घाई करू नये.

काम पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी सुरू करावे, पाणी मागे हटेल तसे पुढे जावे, ओहोटीच्या क्षणी जमेल तिथे थांबून त्याच ओळीने परत मोजत यावे. जाताना आणि येताना आलेल्या एकूण उतारांत पाच सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक पडला तर कुठेतरी काठी रुतली आहे किंवा कलली आहे. ती नोंद खोडू नये, शेजारी शंका लिहून ठेवावी. किनाऱ्याच्या दोन्ही टोकांशी आणि मध्यात अशा तीन ओळी मोजल्या तर परात कुठल्या बाजूला कलते आहे तेही कळते.

मिळालेले आकडे आलेख कागदावर उतरवले की पुळणीची कड काढल्यासारखी रेषा तयार होते. दोन महिन्यांच्या रेषा एकावर एक काढाव्यात. समजा, मार्च आणि ऑगस्टच्या रेषांत पहिल्या ४० मीटरमध्ये सरासरी ६० सेंटिमीटरचे अंतर आहे. तर किनाऱ्याच्या दर मीटर लांबीमागे ४० गुणिले ०.६ म्हणजे २४ घनमीटर वाळू हलली. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, साधारण २.८३ घनमीटर, तेव्हा ही झाली जवळजवळ साडेआठ ब्रास. किलोमीटरभर किनारा धरला तर साडेआठ हजार ब्रास. बांधकामाच्या रेतीचा भाव ज्याला माहीत आहे त्याला या आकड्याचे वजन लगेच कळते.

पाण्याखालचा दांडा

दांड्याचा बराच भाग काठ्यांच्या टप्प्यात येत नाही. तो लाटांवरून वाचावा लागतो. ओहोटीच्या आसपास एखाद्या उंच जागेवरून, गच्चीवरून किंवा भिंतीवरून, एकाच कोनातून दहा मिनिटे दर अर्ध्या मिनिटाला एक असे फोटो काढावेत. सगळ्या फोटोंत जिथे-जिथे पांढरा फेस पुन्हा पुन्हा दिसतो तिथे खाली दांडा आहे. लाट फुटण्याच्या, आधी सांगितलेल्या पाऊणपटीने खोलीचाही अंदाज येतो: साधारण ८० सेंटिमीटरच्या लाटा तिथे फुटत असतील तर वर पाणी मीटरभर असावे.

त्या पांढऱ्या पट्ट्यात मधेच जिथे लाटा फुटत नाहीत आणि पाणी गडद, शांत दिसते, ती दांड्यातली खिंड. किनाऱ्यावर चढलेले पाणी याच खिंडीतून जोराने समुद्राकडे परतते. अनोळखी माणसाला ती जागा पोहण्यासाठी सर्वांत सुरक्षित वाटते आणि नेमकी तीच सर्वांत धोक्याची असते. अक्सासारख्या ठिकाणी माणसे बुडतात त्यामागे पुष्कळदा हीच ओढ असते. तिच्यात सापडले तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडू नये, किनाऱ्याला समांतर पोहून ओढीच्या बाहेर यावे आणि मग लाटांबरोबर आत यावे. खिंडीची जागा दर मोजणीला नकाशावर लिहावी आणि तिथल्या जीवरक्षकांना सांगावी.

मोजणी करणाऱ्यानेही गुडघ्यापेक्षा जास्त पाण्यात जाऊ नये, एकट्याने कधीही जाऊ नये, आणि हैदराबादच्या 'इन्कॉइस' या केंद्र सरकारच्या संस्थेने उंच लाटांचा इशारा दिला असेल त्या दिवशी घरी थांबावे. पावसाळ्यात महिना चुकला तर वहीत "मोजले नाही" असे लिहावे. गणपतीच्या सुमारास उथळ पाण्यात पाकट, म्हणजे शेपटीला विषारी काटा असलेले चपटे मासे, असतात. पाय उचलून न टाकता घासत चालावे, म्हणजे ते आधीच दूर सरकतात. खाडीच्या तोंडाशी वाळूखाली चिखल असतो, तिथे काठीने चाचपल्याशिवाय पाऊल टाकू नये.

कडेकडेची चाल

यासाठी संत्रे पुरते. ते जवळजवळ पूर्ण बुडून तरंगते, त्यामुळे वारा त्याला ढकलत नाही, पाणीच नेते. वाळूवर किनाऱ्याला समांतर २० मीटरच्या दोन खुणा कराव्यात, गुडघाभर पाण्यातून संत्रे फुटत्या लाटांत टाकावे आणि ते एका खुणेपासून दुसरीपर्यंत जायला किती सेकंद लागले ते लिहावे. तीनदा करून सरासरी, दिशा आणि लाटा कुठून येत होत्या हे नोंदवावे. नारळी पौर्णिमेला सोडलेले नारळ किनाऱ्याच्या कोणत्या टोकाला लागतात हे कोळीवाड्यातल्या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असते. त्यांना विचारून ते उत्तर वहीत लिहिले तर आपल्या मोजणीला चांगली जोड मिळते.

उपग्रहाची चित्रे आणि त्यांतला सापळा

'सेंटिनेल-२' या युरोपीय उपग्रहमालेची चित्रे २०१५ पासून फुकट उपलब्ध आहेत, त्यांत दहा मीटरपर्यंतचा तपशील दिसतो; अमेरिकेच्या 'लँडसॅट'ची त्याहून ढोबळ चित्रे १९७२ पासूनची आहेत. त्यावरून मनोरी किंवा वसईच्या मुखाशी दांडा दहा-वीस वर्षांत कसा फिरला हे सुंदर दिसते. परंतु हे उपग्रह मुंबईवरून नेहमी सकाळी, साधारण अकराच्या आसपास जातात. तिथीच्या पाऊणपटीचा हिशेब आठवा: पौर्णिमा-अमावास्येला मुंबईत भरती बाराच्या सुमारास असते. म्हणजे उधाणाच्या दिवशी उपग्रह जेव्हा डोक्यावर येतो तेव्हा पाणी जवळजवळ पूर्ण चढलेले असते, आणि उधाणाची खरी ओहोटी, सकाळी-संध्याकाळी सहा-सातची, त्याला कधीच दिसत नाही. अष्टमी-नवमीला उपग्रहाच्या वेळी ओहोटी असते खरी, पण ती भांगाची, उथळ. मुंबईच्या किनाऱ्यावरचे सर्वांत खालचे दांडे या चित्रांतून असे निसटतात.

म्हणून दोन चित्रे तुलनेला घेताना तारखेवरून तिथी काढावी आणि अष्टमीचे चित्र अष्टमीच्याच चित्राशी, तेही त्याच ऋतूतल्या, ताडून पाहावे. पौर्णिमेचे आणि अष्टमीचे चित्र शेजारी ठेवून "बघा, किनारा केवढा गेला" असे दाखवणारे फोटो फिरत असतात. त्यांतली तारीख पाहिल्याशिवाय ते पुढे पाठवू नयेत. शिवाय जून ते सप्टेंबर ढगांमुळे उपयोगी चित्र क्वचितच मिळते, आणि वाळू सर्वांत जास्त हलते ती नेमकी याच महिन्यांत. ती पोकळी भरून काढण्याचे काम आपल्या काठ्यांनाच करायचे आहे.

खड्डा आणि वायसर

वर्षातून दोनदा, मे अखेरीस आणि ऑक्टोबरात, ओट्यावर हातभर खोल खड्डा खणून त्याची एक बाजू पत्र्याने सरळ तासावी. काळ्या कणांचा थर म्हणजे वाळू ओढली गेल्याची वेळ, वरची फिकट वाळू म्हणजे परत आलेली. थरांत अनेकदा वेष्टने सापडतात, आणि एखाद्या पुडीवर बांधणीची तारीख वाचता आली तर तिच्या वरची सगळी वाळू त्या तारखेनंतर तिथे आली हे निश्चित होते. दुसरी युक्ती गर्दी नसलेल्या किनाऱ्यासाठीच: गज रोवून त्यात एक मोठा वायसर घालावा आणि तो वाळूवर टेकू द्यावा. वाळू वाहून गेली की वायसर खाली उतरतो, परत आली की गाडला जातो. पुढच्या ओहोटीला खणून तो सापडला ती एका भरतीत वाळू किती खोल ढवळली गेली याची पातळी. लोक अनवाणी चालतात, म्हणून गजाच्या टोकाला बाटली उलटी घालावी आणि काम झाल्याबरोबर गज उपटून न्यावा. खड्डाही बुजवावा.

वहीतून काय काढावे

पहिल्या वर्षी काहीही निष्कर्ष काढू नये. मार्च आणि ऑगस्ट यांच्यातला फरक हा किनाऱ्याचा श्वास आहे, तो सगळीकडे दिसणारच. दुसऱ्या वर्षापासून मार्चची रेषा मार्चशी आणि ऑगस्टची ऑगस्टशी ताडावी. मार्चच्या रेषा एकमेकींवर बसत असतील तर ऑगस्टमध्ये किनारा कितीही उघडा पडला तरी वाळू परत येते आहे. मार्चची रेषा दरवर्षी खाली जात असेल तर वाळू चक्रातून बाहेर पडते आहे, आणि मग कारणे शोधावीत. तिन्ही ओळी एकदम खाली गेल्या तर आवक घटली आहे किंवा वाळू खोल पाण्यात गेली आहे. एक खाली आणि दुसरी वर गेली तर परात कलली आहे. फक्त भिंतीसमोरची ओळ खाली गेली तर भिंतीकडे पाहावे.

भिंतीबद्दल माझे मत स्पष्ट आहे. उतरत्या वाळूवर चढताना लाट थकते. उभ्या भिंतीवर आपटलेली लाट थकत नाही, उलटून भिंतीच्या पायाची वाळू खणते. मागचा रस्ता वाचतो, पुढची पुळण जाते. काही ठिकाणी रस्ता वाचवणे भाग असते, हेही खरे. अक्साच्या किनाऱ्यावर बांधलेल्या भिंतीचा वाद राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला, तेव्हा असे वाद सोडवायला भिंतीच्या आधीच्या काही वर्षांच्या, स्थानिक माणसाने तिथीवार ठेवलेल्या नोंदी किती मोलाच्या ठरतात हे लक्षात येते. काम सुरू झाल्यावर मोजायला घेतले तर "आधी" हा रकाना कायमचा कोराच राहतो.

म्हणून प्रत्येक पानावर तारीख, तिथी, वेळापत्रकातली ओहोटीची वेळ आणि उंची, लाटांची दिशा, मोजणाऱ्यांची नावे, खुणेचा फोटो क्रमांक आणि मग आकडे, असे सगळे पेनाने लिहावे. किनाऱ्यावरच्या एखाद्या प्रकल्पाची जनसुनावणी निघाली तर हरकतीच्या अर्जाला दोन वर्षांच्या रेषांचा एक आलेख, तिन्ही ओळींचा नकाशा आणि पानांच्या छायाप्रती जोडाव्यात, पोच घ्यावी, आणि कुणी कितीही आग्रह केला तरी मूळ वही हातची देऊ नये.